रकान्यातलं 'नाही'

फुटबॉलच्या पंचांबद्दल मला चांगलं बोलता येत नाही. मी स्वतः बावीस वर्षं शिट्टी वाजवली आहे, त्यामुळे ही जमात मला आतून माहीत आहे. मैदानावर काळा शर्ट घालून छाती काढून फिरतात आणि मैदानाबाहेर आले की संघमालकाच्या गाडीचं दार उघडायला धावतात. मी फौजेत असताना पंचाची परीक्षा दिली. तिथे चूक झाली तर सुभेदार सगळ्यांसमोर झापायचा. इथे गावाकडे आलो तर चूक करणाऱ्याला शाल आणि नारळ मिळत होता.

आमच्या सातारा-सांगलीकडे कुस्ती आणि कबड्डी पूर्वीपासून. फुटबॉलचं वेड कोल्हापूरचं. पण गेल्या काही वर्षांत इकडेही पगारी खेळाडूंची लीग सुरू झाली. खेळाडू गोव्याचे, मणिपूरचे, दोन-तीन थेट आफ्रिकेतले. त्या पोरांना इथली मिसळ झेपायची नाही आणि इथल्या लोकांना त्यांची नावं घेता यायची नाहीत. मालक मात्र अस्सल इथलेच. कुणी साखरेतला, कुणी बांधकामातला, कुणी शिक्षणसंस्था चालवणारा. आणि पंच कोण, तर त्यांच्याच संस्थांमधले पीटीचे मास्तर. ज्याच्या सहीने आपली बदली व्हायची, त्याच्याच संघाविरुद्ध पेनल्टी द्यायची. देणार कोण?

एका सामन्यात अशाच एका मास्तराने आपल्या चेअरमनच्या संघाला हाताने मारलेला गोल बहाल केला. दोन हजार माणसांनी तो हात पाहिला होता. मी लीगच्या पंच समितीच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटली. आमचे सचिव साताऱ्याचे, गोड बोलणारे, केसाला रोज तेल लावणारे. ते हसून म्हणाले, "मेजर, आपल्याकडं कोण कुणाचा न्हाई हो? उकरायला गेलं तर सगळीच पावणी निघतील." आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. मी हवालदार होतो, ते त्यांना माहीत होतं.

बाकीचे खदाखदा हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तीन बैठका लावून धरलं आणि शेवटी एक अर्ज छापायला लावला. सामन्याआधी पंचाने भरायचा: संघाशी संबंध आहे का, मालकाशी संबंध आहे का, सामन्यातल्या इतर अधिकाऱ्यांशी नातं आहे का. आहे किंवा नाही, आणि खाली सही. मजकूर मी स्वतः लिहिला होता. लोक न वाचता सह्या ठोकायचे, पण कागद तरी झाला. मला त्याचा फार अभिमान होता. मी त्या काळात सगळ्यांपुढे नाकाने कांदे सोलत फिरत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गुडघा गेल्यावर मी शिट्टी ठेवली आणि मूल्यमापक झालो. मूल्यमापक म्हणजे पंचांचा पंच. स्टँडमध्ये बसायचं, पंचाचा प्रत्येक निर्णय टिपायचा आणि शेवटी दहापैकी गुण देऊन अहवाल बंद पाकिटात घालायचा. पाकिटावर सही करायची, मग ते समितीच्या बैठकीतच फुटणार. एक मोठी चूक नोंदवली की गुण आठच्या खाली जातात. आठच्या खाली गेलेला माणूस राज्याच्या यादीत जात नाही. आणि त्या यादीत गेल्याशिवाय मोठ्या लीगची, टीव्हीवरच्या सामन्यांची शिट्टी हातात येत नाही.

आता माझ्या चुलतभावाकडे यावं लागेल. मला ते आवडत नाही.

तो माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, इस्लामपूरपासून जवळ, कॅनॉलखालचं, उसाचं. मी सुट्टीवर आलो की तो माझ्या मागे-मागे असायचा. पंचाची परीक्षा त्याला मीच द्यायला लावली, नियमांचं पुस्तक मीच दिलं, ऑफसाइड मी त्याला आमच्या अंगणात लिंबं मांडून शिकवला. पोरगं हुशार होतं. पळण्यात तर माझ्या दुप्पट होतं.

मग अकरा वर्षांपूर्वी बांध निघाला. त्याच्या आणि माझ्या उसाच्या मधला. माझ्या मते त्याने नांगराचं एक तास माझ्याकडे सरकवलं. त्याच्या मते मी. मोजणी दोनदा आली आणि दोन्ही वेळा ज्याला पटली नाही त्याने ती मानली नाही. एकदा तो, एकदा मी. त्याने भर रस्त्यात मला "फौजेत बंदूक धरली का नुसती झाडलोट केली" असं विचारलं. मी त्याच्या आईसमोर त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही.

आमच्याकडे अबोला म्हणजे नुसतं तोंड बंद ठेवणं नव्हे. लग्नाची पत्रिका बंद. हळदीकुंकू बंद. त्यांच्या दारातलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. कुणी विचारलं तर "आमचं त्यांचं काही नाही" म्हणायचं, आणि सगळं गाव ते मानतं. जेवणावळीत तुम्हाला एका पंगतीत बसवत नाहीत, एका गाडीत घालत नाहीत. एका रक्ताची माणसं रीतसर परकी होतात. दहा-अकरा वर्षांनी तुम्हालाही ते खरंच वाटायला लागतं.

एक सूतक तेवढं अबोल्याला जुमानत नाही.

अबोल्याच्या अकराव्या वर्षी आमची थोरली चुलती वारली. घराण्यातली सगळ्यात मोठी बाई, त्याची आणि माझी दोघांचीही चुलती. दहाव्याला नदीवर भावकीतल्या सगळ्या पुरुषांनी डोकी केली. न्हावी एक आणि आम्ही वीस-बावीस. ओळीने बसलो होतो. तो त्या टोकाला, मी या टोकाला. मध्ये पुतणे बसवून घेतले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी त्याच्याकडे पाहिलं नाही, हे दोघांनाही नीट माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी समितीचं पत्र आलं. साताऱ्याच्या मैदानावर उपांत्य सामना, साताऱ्याचा संघ विरुद्ध मिरजेचा. पंचाच्या नावापुढे त्याचं नाव होतं. मूल्यमापकाच्या नावापुढे माझं. समितीला काही कल्पना नव्हती. आमचं आडनाव चार तालुक्यांत पसरलेलं आहे, आणि अकरा वर्षांत आम्हाला कुणी एका चहाच्या टेबलावर पाहिलं नव्हतं. मला हेही माहीत होतं की त्याला तीन महिन्यांनी चाळीस पूर्ण होतात, आणि चाळिशीनंतर राज्याच्या यादीत नवं नाव घेत नाहीत. हा सामना म्हणजे त्याची शेवटची संधी होती. शेवटचा अहवाल माझा होता.

मला आनंद झाला. तो कसला आनंद होता हे मला चांगलं कळत होतं.

बायकोने पत्र वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिली. "आवं, तुमचं त्येंचं वाकडं हाय. कशाला जाताय? दुसऱ्या कुणाला तरी जाऊ द्या."

"मी नियमानं काम करतो," मी म्हणालो.

"व्हय तर," ती म्हणाली आणि आत गेली.

तेरावं झालं, त्यानंतर तीन दिवसांनी सामना होता. मैदानाजवळच्या खोलीत सचिवांनी अर्ज पुढे केला. माझाच अर्ज, माझीच भाषा. 'सामन्यातील पंच किंवा अन्य अधिकाऱ्यांशी नाते आहे काय?' मी पेन काढलं आणि 'नाही' लिहिलं. हात थरथरला वगैरे काही नाही. मला ते खोटं वाटलंच नाही. अकरा वर्षं मी हेच उत्तर सगळ्यांना तोंडी देत होतो, तेच कागदावर दिलं. टेबलावर त्याचा अर्ज आधीच भरून ठेवलेला होता. त्यानेही 'नाही' लिहिलं होतं. ते वाचून मला राग आला. मी नाही म्हणायचं ते ठीक, हा कोण म्हणणारा?

मी डोक्यावर टोपी घातली होती, पांढरी, उन्हाची. स्टँडमध्ये सचिवांच्या शेजारी बसलो. मैदान खचाखच भरलं होतं, सगळे साताऱ्याचे. पंच मधल्या वर्तुळात येऊन उभे राहिले आणि राष्ट्रगीत सुरू झालं. मी उठलो आणि सवयीने टोपी काढली.

राष्ट्रगीत संपलं तरी सचिव माझ्या डोक्याकडे पाहत होते. मग त्यांनी मैदानाच्या मध्यावर पाहिलं. तिथे एक गुळगुळीत डोकं उन्हात चमकत होतं, त्यावर माझ्या डोक्याइतकेच, आठवडाही न झालेले खुंट. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"कोण गेलं म्हणायचं, मेजर?"

"चुलती."

"अरेरे. आणि पंचसाहेबांचं कोण गेलं?"

टोपी माझ्या हातातच होती. "मला काय माहीत," म्हणालो.

सचिवांनी खिशातून मोबाईल काढला आणि मैदानाचा एक फोटो घेतला, मग सेल्फी घेतल्यासारखं करून स्वतःचा आणि माझा. टोपी घालायचं मला त्यानंतर सुचलं. या माणसाला मी कधीच माणसात धरलं नव्हतं, पण त्या दिवशी त्याचं डोकं माझ्यापेक्षा लवकर चाललं.

सामना कसा झाला ते सांगतो. त्याने सामना असा चालवला की पंचांच्या वर्गात दाखवावा. चेंडूपासून दहा-बारा पावलांवर कायम. शिट्टी कमी, बोलणं कमी, हात स्पष्ट. मिरजेच्या बचावपटूला पहिल्याच धटिंगणगिरीला पिवळं कार्ड दाखवून त्याने सामना मुठीत घेतला. साताऱ्याच्या कॅप्टनने अंगावर येऊन आरडाओरडा केला तेव्हा हा जागचा हलला नाही. लिंबं मांडून शिकवलेलं सगळं त्यात होतं, आणि मी न शिकवलेलंही पुष्कळ होतं. मी चूक शोधत होतो. डोळ्यात तेल घालून शोधत होतो. पाऊण तासात माझ्या वहीत एक ओळ नव्हती.

मिरज एका गोलने पुढे. शेवटची चार-पाच मिनिटं राहिली. साताऱ्याचा आफ्रिकी फॉरवर्ड चेंडू घेऊन पेनल्टी क्षेत्रात घुसला, मिरजेच्या पोराने पाय घातला, आणि फॉरवर्ड हवेत उडून पडला. अख्खं मैदान उभं राहिलं. "पेनल्टी! पेनल्टी!" मी अगदी त्या रेषेत बसलो होतो. पाय लागला नव्हता. दोघांमध्ये वीतभर अंतर होतं. गड्याने सरळ सोंग केलं होतं.

माझा चुलतभाऊ पळत गेला आणि पडलेल्यालाच पिवळं कार्ड दाखवलं.

साताऱ्याच्या मैदानावर, साताऱ्याच्या लोकांसमोर, सामना संपत आलेला असताना. पाण्याच्या पिशव्या येऊन पडायला लागल्या. माझ्या मागचा एक जण ओरडला, "आरं सांगलीच्या, घरी कसा जातोस बगतो तुला!" चुलतभाऊ तिथेच उभा राहिला, पाठ ताठ, हात मागे. हा माझा आहे, असं वाटलं. ते मी तिथल्या तिथे दाबलं. दाबताना मला ज्या शिव्या आठवल्या त्या सगळ्या त्याच्या होत्या, भर रस्त्यातल्या.

सामना मिरजेने जिंकला. मी खोलीत जाऊन दार लावून अहवाल लिहिला. 'शेवटच्या मिनिटांत स्पष्ट पेनल्टी नाकारली. सामन्याच्या निकालावर परिणाम करणारी गंभीर चूक.' अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. गुण : साडेसात. पाकीट चिकटवलं, सही केली आणि सचिवांच्या हातात दिलं. बाहेर तो पोलिसांच्या गाडीत बसत होता. शर्टावर चिखल होता. एका क्षणी आमची नजरानजर झाली, आणि मी गुडघा दुखतोय असं दाखवून खाली वाकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ते दोन फोटो शेजारी शेजारी जोडून आले होते. दोन तुळतुळीत डोकी, भोवती लाल गोल. खाली लिहिलं होतं : 'पंच आणि पंचाचा पंच, दोघं भाऊ, सांगलीचा डाव'. साताऱ्याच्या संघाने लेखी तक्रार केली.

बैठकीला मला बोलावलं. ज्या खोलीत मी मूठ आपटली होती तीच खोली. ज्या मास्तराने हाताचा गोल दिला होता तोही बसला होता, आणि त्या दिवशी त्याचा चेहरा मोठा तजेलदार दिसत होता. सचिवांनी माझा अर्ज वाचून दाखवला, शब्द न् शब्द, माझ्याच भाषेची चव घेत. मग रकाना. "नाही."

"मेजर, चुलतभाऊ हायत ना तुमचे?"

"आमचं त्यांचं काही नाही," मी म्हणालो.

त्यावर इतका हशा पिकला की शिपाई चहा घेऊन दारातच थांबला. "एका चुलतीचं डोकं करता, आनि काय न्हाई म्हनता? लय भारी," कुणीतरी म्हणालं.

मग त्यांनी ठरवलं. भावाने भावाचा अहवाल लिहिला, म्हणजे गुण फुगवलेलेच असणार. अहवाल रद्द. न उघडता रद्द, कारण उघडला तर गुण नोंदवावे लागतील. माझं मूल्यमापकाचं काम दोन वर्षं बंद. आणि अहवालच नाही म्हटल्यावर पंचाचं नाव राज्याकडे पाठवता येत नाही. सचिवांनी विचारलं, "काय म्हणायचंय का?"

मी बोलू शकत होतो. पाकीट फोडा, बघा, मी साडेसात दिलेत, असं म्हणू शकत होतो. म्हणजे मी भावासाठी लबाडी केली नाही हे सिद्ध झालं असतं. भावाविरुद्ध केली हेही झालं असतं. किंवा असं म्हणू शकत होतो की निर्णय बरोबर होता, दुसरा माणूस नेमा, सामन्याचं चित्रीकरण पाहा, त्याचं वर्ष वाया घालवू नका. त्याची शेवटची संधी आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी गप्प बसलो. सचिवांनी पाकीट माझ्या डोळ्यांसमोर चार तुकडे करून टोपलीत टाकलं. मला हायसं वाटलं. अजून त्या हायसं वाटण्याची किळस येते.

मी त्या अर्जावर 'आहे' लिहिलं असतं, तर दुसरा मूल्यमापक आला असता. कोणीही आला असता, अगदी तो हाताच्या गोलाचा मास्तर जरी, तरी त्या सामन्याला आठच्या वर गुण मिळाले असते. अर्जात शत्रुत्वाचा रकाना नव्हता. अर्ज लिहिणाराच मी असल्यावर तो राहिला कसा, हे मला नंतर कुणी विचारलं नाही.

आठवडाभराने, सकाळी अकराच्या सुमाराला, तो दारात आला. अकरा वर्षांनी. चप्पल बाहेर काढून उभा राहिला. केस जरासे वाढले होते. बायको आतून आली आणि मला न विचारता म्हणाली, "या की आत."

तो पुढच्या सोप्यात बसला. पाणी दिलं, ते प्याला. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "दादा, समजलं मला."

"काय समजलं?"

"समद्यांनी सांगितलं. माझ्यापायी तुमचं दोन वरसं काम गेलं." तो जमिनीकडे बघत होता. "मी तुमाला लय वंगाळ बोललो हुतो. आनि तुमी माझ्यासाटी रिपोर्ट एवढा चांगला दिला, की त्येंनी भिऊन फाडला."

मला ओरडून सांगावंसं वाटलं. तोंड उघडलंही. पण मग बायको चहा घेऊन आली, आणि त्याने कप दोन्ही हातांनी घेतला. चाळिशीचा माणूस. चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायला, लहानपणी प्यायचा तसाच. मला त्याचाही राग आला. माझ्या दारात बसून एवढं मोठं मन दाखवायचा त्याला काय अधिकार होता?

"आता राज्याचं काय?" मी विचारलं.

"ऱ्हायलं. वय झालं की." तो हसला. "ऱ्हाऊ द्या. ती पेनल्टी न्हवती, दादा. तुमी त्या बाजूलाच हुता. तुमाला दिसलं आसंल."

"दिसलं," मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेली तेवढी एकच गोष्ट खरी होती.

त्याने कप खाली ठेवला. मग एखादं पोर निकाल विचारतं तसं, मान खाली घालून विचारलं, "किती दिलं हुतं?"

बायको दाराला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला काही सांगितलेलं नव्हतं, पण तिला सगळं माहीत होतं.

"साडेआठ," मी म्हणालो.

त्याने डोळे पुसले, खिशातून फोन काढला आणि तिथेच बसून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं आपल्या बायकोला सांगितलं, "आगं, साडेआठ. दादांनी साडेआठ दिलं हुतं मला."